पोटात पाय आणि पायात आम्ल

रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या धक्क्यावर दुपारी जाळी पसरलेली असतात आणि त्यांच्या कडेला बसून माणसं फाटलेला भाग सांधत असतात. अशाच एका दुपारी एक जण सांधायचं काम बाजूला ठेवून जाळ्यात गुंतलेला शंख सोडवत होते. शंखाला तिन्ही बाजूंनी काटे, आणि प्रत्येक काट्याला दोऱ्याचे दोन-दोन वेढे. एक काटा मोकळा करावा तर शंख फिरे आणि दुसरा काटा गुंते. शेवटी त्यांनी सुरीच्या मुठीनं दोन काटे मोडले, शंख उपटून काढला आणि माझ्याकडे टाकला. म्हणाले, "न्या, पण खिशात घालू नका."

तो शंख अजून माझ्या टेबलावर आहे. माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, रंगानं मळकट पिवळसर. वरचा अर्धा भाग भोवऱ्यासारखा गुंडाळलेला आणि खालचा अर्धा म्हणजे नुसती सरळ नळी, भोवऱ्याची आर वाजवीपेक्षा लांब काढावी तशी. अंगावर तीन उभे जाड कंगोरे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि काटे त्या कंगोऱ्यांवरच. पुस्तकात याचं नाव म्युरेक्स ट्रापा. या लेखापुरतं त्याला काटेशंख म्हणू.

काट्यांच्या बाबतीत हा तसा गरीबच. त्याचा श्रीमंत भाऊबंद म्युरेक्स पेक्टेन हिंदी महासागरात आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये सापडतो. तो दहा-पंधरा सेंटिमीटर लांब वाढतो आणि अंगावर शंभराहून अधिक काटे बाळगतो, लांब, बारीक, किंचित वाकलेले आणि इतके ओळीत की कुणालाही फणीच आठवावी. युरोपात त्याला 'व्हीनसची फणी' म्हणतात, आणि 'पेक्टेन' या लॅटिन शब्दाचा अर्थही फणीच. या जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते एका लिलावाच्या यादीत. इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या डचेसबाईंचा अवाढव्य संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १७८६ साली विक्रीला निघाला. जॉन लाइटफूट नावाच्या निसर्गअभ्यासकानं त्याची यादी केली, आणि त्या यादीतलं हे नाव आजही चालतं. बोली लावायला आलेल्यांना ती फणी हवी होती. आत राहणारा प्राणी काय करतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

तो करतो ते असं. शिंपल्याला भोक पाडतो आणि आतलं मांस खातो. यात त्या सुंदर काट्यांचा काही उपयोग नाही. शिकारीचं सगळं सामान मऊ अंगात दडलेलं असतं. आपल्याकडे वरून साध्या आणि आतून पक्क्या माणसाला 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतात. प्राणिशास्त्रानं या सगळ्या वर्गालाच 'उदरपाद' म्हटलंय, म्हणजे तेच! काटेशंखानं त्यापुढे एक पायरी गाठली आहे. त्याच्या पोटात पाय आहे आणि पायात आम्ल.

पण आधी घराबद्दल. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोप्या भाषेत चुनखडी. कोकणात शिंपले भट्टीत भाजून चुना करत. तो भिंतींत गेला आणि विड्याच्या पानालाही लागला. काटेशंखाचा सारा संसार या चुन्याभोवती फिरतो. पाण्यातून चुना घ्यायचा आणि घर बांधायचं. घर वाढवताना स्वतःच्याच घराचा थोडा चुना विरघळवायचा. आणि भूक लागली की दुसऱ्याच्या घराचा.

बांधकाम करतो तो प्रावार, म्हणजे शंखाच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा. बऱ्याच गोगलगायींचं कवच कडेकडेनं हळूहळू वाढत राहतं. काटेशंख मात्र मुक्काम करत वाढतो. वेढ्याचा साधारण एक तृतीयांश भाग पुढे नेतो, थांबतो, तोंडाची कड जाड करतो आणि त्या कडेवर काटे उभारतो. माझ्या शंखावरचे तीन कंगोरे म्हणजे शेवटच्या पूर्ण वेढ्यातले तीन मुक्काम. काटा उभा करताना प्रावाराची कड बोटासारखी बाहेर निघते आणि स्वतःभोवती चुन्याची पन्हळ घालते, म्हणून नव्या काट्याला तोंडाच्या बाजूनं खाच दिसते. माझ्या शंखाच्या शेवटच्या कंगोऱ्यावरच्या काट्यात सुईचं टोक थोडं आत जातं, जुन्या काट्यांत जात नाही.

आता अडचण अशी, की शंख गुंडाळत वाढतो. पुढचा वेढा घ्यायचा तर वाटेत मागच्या वेढ्याचे काटे आडवे येतात. घराला नवी खोली काढायची आणि जुन्या कुंपणाचे खांब नेमके तिथेच! काटेशंख ते खांब काढून टाकतो. प्रावाराची कड काट्याच्या बुडाशी टेकते, तिथला चुना विरघळवते, आणि काटा खाली पडतो किंवा झिजून जातो. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ मेलबर्न कॅरिकर यांनी १९७२ साली या प्रकाराची सविस्तर निरीक्षणं छापली. शंखाच्या तोंडाशी आतल्या बाजूनं बोट फिरवलं तर ती जागा गुळगुळीत लागते. एके काळी तिथे काट्यांची रांग होती.

इतका खर्च करून काटे कशाला? एक उत्तर तळाचं आहे. हे प्राणी मऊ वाळूवर आणि चिखलवट तळावर राहतात, आणि पसरलेल्या काट्यांमुळे शंख रुतत नाही, कलंडतही नाही, असं म्हटलं जातं. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, कारण त्यामागे प्रयोग आहे. शंख फोडून खाणारे मासे पुष्कळ. त्यांत आपला केंड आणि त्याचे काटेरी सोयरे अग्रभागी. रागानं फुगलेल्या माणसाला कोकणात केंडाची उपमा देतात, पण केंडाची खरी ताकद त्याच्या चोचीसारख्या दातांत आहे. रिचर्ड पामर या संशोधकानं काही शंखांवरची टेंगळं-काटे घासून काढले आणि ते शंख काटेरी केंडासमोर ठेवले. सपाट केलेले शंख सहज फुटले, काटे असलेले वाचले. हे १९७९ सालचं काम. हिशेब सरळ आहे. सबंध शंख जाड करायचा तर चुना फार लागतो. काटे लावले की थोड्या चुन्यात शंख माशाच्या जबड्यापेक्षा मोठा होतो, आणि जबड्याचा जोर पातळ भिंतीऐवजी जाड कंगोऱ्यांवर पडतो. काट्याला काटा भिडवून केलेला हा प्रयोग मला फार आवडतो.

या विषयात हेरात व्हर्मे यांचं नाव घ्यावंच लागतं. १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी पूर्ण गेली. पुढे कुटुंब अमेरिकेत आलं. शाळेत एका बाईंनी फ्लोरिडाहून आणलेले शंख खिडकीत मांडले होते. ते हाताळताना या मुलाला जाणवलं, की थंड समुद्रातल्या ओबडधोबड शिंपल्यांपेक्षा उष्ण समुद्रातल्या शंखांचं नक्षीकाम किती निराळं आहे. असं का, याचं उत्तर शोधण्यात त्यांचा जन्म गेला. १९७७ साली त्यांनी मांडलं, की डायनोसॉरांच्या काळात समुद्रात कवचं फोडणारे, सोलणारे आणि भोक पाडणारे शिकारी वाढले, आणि त्यांच्या दबावाखाली शंखांची घडणच बदलली. तोंडं अरुंद झाली, कडा जाड झाल्या, काटे आले. हे त्यांनी वाचलं ते बोटांनी. कवचावरची खेकड्यानं मोडलेली आणि प्राण्यानं पुन्हा सांधलेली कड डोळ्यांतून सुटते, नखाखाली सुटत नाही. त्यांच्याविषयी वाचल्यावर मी डोळे मिटून टेबलावरचा शंख चाचपून पाहिला. मला फक्त टोचलं.

आता आत जाऊ. लांब नळीच्या पोटातून एक मऊ सोंड जाते, ती पाणी आत ओढते. प्राणी वाळूत अर्धवट गाडलेला असला तरी नळीचं टोक वर असतं. आत आलेलं पाणी कल्ल्यांकडे जाण्याआधी पिसासारख्या एका अवयवावरून जातं. तेच त्याचं नाक. डोळे आहेत, पण उजेड-अंधारापलीकडे त्यांच्यावर फारशी भिस्त नाही. सोंड या बाजूला फिरव, त्या बाजूला फिरव, जिकडून शिंपल्याचा वास गडद तिकडे चालू लाग, अशी त्याची वाटचाल. पाण्याचा प्रवाह स्थिर असेल तर हा मंद प्राणी बऱ्यापैकी नेमका पोचतो.

पायाच्या मागच्या बाजूला एक तपकिरी, नखासारखी चकती असते. प्राणी आत शिरला की ती तोंडावर बसते, दाराला फळी लावावी तशी. ही चकती आपल्याला अनोळखी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात 'नखला' मागितला तर पुडीत जे वाळलेले, वाकडे, खवल्यांसारखे तुकडे येतात, ती अशाच समुद्री शंखांची झाकणं. संस्कृतात त्याला नख म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून सुगंध करण्याचं गणित दिलंय, आणि त्या सोळांत नख आहे. एकटा नखला निखाऱ्यावर टाकाल तर केस जळल्याचा वास येईल आणि घरातले विचारतील काय जळतंय. इतर द्रव्यांबरोबर तो धूपाचा वास धरून ठेवतो.

तोंड साध्या जागी नाही. ते एका मागे ओढता येणाऱ्या शुंडेच्या टोकाशी आहे. गरज नसताना शुंडा आत गुंडाळलेली, गरज पडली की लांब बाहेर. तिच्यात जिभेसारखी एक पट्टी असते, तिच्यावर दातांच्या ओळींमागून ओळी, आणि काटेशंखाच्या कुळात प्रत्येक ओळीत तीनच दात. मधला दणकट, बाजूचे दोन आकड्यासारखे. पुढचे झिजून पडतात आणि मागून नवे सरकत येतात. कानशीच स्वतः वाढत राहिली तर कशी, तसं. अॅरिस्टॉटलला ही जीभ ठाऊक होती. जांभळा रंग देणारा शंख जिभेनं दुसऱ्या शंखांना भोक पाडतो, असं त्यानं लिहिलं आहे.

ते अर्धं बरोबर होतं. दात कायटिनाचे आहेत, आणि निबर शिंपला नुसत्या कायटिनानं खरवडायचा म्हणजे दातांचाच भुगा. उरलेलं अर्धं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ते मिळवण्यात कॅरिकर यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा, कालवांच्या शेतीचा काळ ठरलेला एक छोटा शंख घेतला, युरोसाल्पिंक्स सिनेरिया. त्याला ना लांब काटे ना रूप, पण कुळ तेच आणि धंदा तोच. त्याच्या तळपायात पुढच्या बाजूला मध्यावर एक बारीक छिद्र आहे. छिद्राच्या आत खिसा, आणि खिशात देठावर बसलेली, मिलिमीटरभरसुद्धा नसेल अशी मऊ गादी. ही गादी बाहेर काढून तो शिंपल्यावर टेकवतो. भोक पाडणारा अवयव तो हाच.

काम कसं चालतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. शंख शिंपल्यावर चढतो आणि आधी नुसता फिरतो. पायाच्या पुढच्या कडेनं पृष्ठभाग चाचपत एक जागा पक्की करतो. जिभेनं वरची साल थोडी खरवडतो. मग पाय किंचित पुढे सरकवून ती गादी नेमकी त्या जागेवर बसवतो आणि स्तब्ध होतो. अर्धा तास, कधी त्याहून कमी-जास्त, बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. गादीतून आम्ल झिरपत असतं, जोडीला विकरं आणि कॅल्शियमला पकडून ठेवणारी द्रव्यं. कॅरिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म इलेक्ट्रोड लावून त्याची आम्लता मोजली. सामू चारच्या आसपास भरला, म्हणजे आंबट ताकाच्या जवळपास. दगड विरघळवणारं तेजाब वगैरे नाही. पण चुन्याचे कण एकमेकांना धरून ठेवणारी सेंद्रिय भर सैल करायला आणि कणांच्या कडा खायला ते पुरतं. मग गादी आत जाते, शुंडा बाहेर येते, आणि मिनिटभर जीभ चालते. भुसभुशीत झालेला पातळ थर खरवडून निघतो आणि तो भुगा प्राणी गिळून टाकतो. शुंडा आत, गादी पुन्हा जागेवर. पुन्हा अर्धा तास.

असं दिवसरात्र. दिवसाला अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर प्रगती. दोन मिलिमीटर जाड शिंपल्याला आठवडा लागू शकतो. प्रत्येक वेळी पाय उचलला आणि परत टेकवला तरी गादी त्याच भोकात बसते, केसभर इकडेतिकडे नाही. पायाची पुढची कड भोक चाचपून शोधते. एखाद्या गवंड्याला डोळे बांधून रोज पन्नास वेळा त्याच खिट्टीवर हात ठेवायला सांगा!

कॅरिकर यांनी ही गादी कापून काढूनही पाहिली. शंख जगला, जीभ शाबूत होती, पण भोक पडेना. काही आठवड्यांत गादी पुन्हा उगवली आणि काम सुरू झालं. म्हणजे दोन्ही हवीत, आम्ल आणि कानस.

भोक आरपार गेलं, की शुंडा आत शिरते आणि मांसाचे लचके तोडू लागते. शिंपल्याला जीव वाचवायला दार उघडून पळायची सोय नाही. दार घट्ट मिटून बसणं हा त्याचा एकमेव बचाव, आणि घरफोड्या आलाय भिंतीतून. बांधलेल्या जागी राहणारे काळे शिंपले मात्र कधी कधी उलटा डाव टाकतात. ते दगडाला ज्या चिवट तंतूंनी चिकटून असतात, तेच तंतू अंगावर चढलेल्या शंखाला चिकटवतात. एकानं नाही, शेजारपाजारच्या चार-सहांनी. युरोपातल्या खडकाळ किनाऱ्यावर असे जखडलेले शंख उपाशी मरताना पाहिले गेले आहेत.

काटेशंखाच्या कुळात दीड हजाराहून अधिक जाती आहेत, आणि सगळ्याच इतक्या चिकाटीनं वागत नाहीत. भूमध्य समुद्रातला हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस भोकही पाडतो आणि कधी स्वतःच्या शंखाच्या कडेनं शिंपल्याची कड फोडून फटीतून आत शिरतो. काही मोठ्या जाती पायानं धरून दोन शकलं खेचून उघडतात. काहींच्या तोंडाच्या कडेवर पाचरीसारखा दात असतो. आणि एक धाडसी रीत आहे, दोन शकलं मिळतात त्या कडेवरच भोक पाडायचं. तिथली भिंत पातळ, म्हणून काम लवकर उरकतं. धोका एवढाच, की शुंडा नेमकी दाराच्या फटीत असते आणि शिंपल्यानं दार दाबलं तर ती तुटू शकते.

हा धोका कुणी कधी पत्करतो? फ्लोरिडातल्या चिकोरियस वंशाच्या काटेशंखावर ग्रेगरी डिटल, ग्रेगरी हर्बर्ट आणि मघाचेच व्हर्मे यांनी २००४ साली एक सुरेख शोधनिबंध लिहिला. शिंपल्यांच्या जीवाश्मांत त्यांना जुन्या थरांत कडेवरची भोकं सापडली, आणि त्या समुद्रातल्या बऱ्याच शिकारी जाती नामशेष झाल्यानंतरच्या थरांत ती दिसेनाशी झाली. मग त्यांनी जिवंत शंखांवर प्रयोग केले. आजूबाजूला खाणारी तोंडं जास्त असली की हे शंख घाई करतात आणि कडेकडे वळतात. निवांतपणा असला की भिंत फोडत बसतात. पंगतीत वाढपी दूर असेल तेव्हा माणसं कशी वागतात ते आठवलं.

शुंडा अडकण्याचा हा धोका रोमन लोकांनी कामालाही लावला होता. रोमन लेखक प्लिनीनं लिहिलं आहे, की जांभळ्या रंगासाठी शंख पकडणारे कोळी टोपल्यांत अर्धमेले शिंपले ठेवून त्या समुद्रात सोडत. पाण्यात शिंपल्यांना तरतरी येई, ते उघडत, शंख जीभ आत घालत, शिंपले मिटत, आणि कोळी टोपली वर ओढत.

जांभळ्या रंगाची गोष्ट सगळे सांगतात, म्हणून मी आटोपती घेतो. कल्ल्यांशेजारी एक ग्रंथी असते. तिच्यातला स्राव मुळात बिनरंगी, किंवा फार तर पिवळट. हवा आणि ऊन लागलं की हिरवा, निळा आणि शेवटी जांभळा होतो, आणि त्या वेळी सडलेल्या लसणासारखी दुर्गंधी सुटते. १८५८ साली मिनोर्का बेटावर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्युतिए यांनी एका कोळ्याला फोडलेल्या शंखात काडी बुडवून आपल्या सदऱ्यावर खुणा करताना पाहिलं. पिवळ्या रेघा उन्हात जांभळ्या झाल्या. विद्वान ज्या रंगाच्या मागे होते, तो त्या कोळ्याकडे कपड्यांवर खूण करायची शाई म्हणून रोजच्या वापरात होता. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर यांनी १२,००० शंखांतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग काढला आणि त्याची रचना शोधली. आपली नीळच ती, फक्त तिच्या प्रत्येक रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडलेले. ३०१ साली सम्राट डायोक्लेशियननं काढलेल्या दरपत्रकात या रंगातल्या रेशमाचा भाव एका रोमन पौंडाला १,५०,००० दिनार आहे. लेबनॉनमधल्या सैदा शहरात तर फोडलेल्या शंखांची अख्खी टेकडीच साचली.

शंखानं तो रंग राजांसाठी केलेला नाही, हे उघड आहे. त्या ग्रंथीत कोलिनचं एक संयुगही असतं, म्युरेक्सिन. इटालियन औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरियो एर्स्पामर यांनी ते शोधलं. ते स्नायूंना शिथिल करतं. घट्ट मिटलेला शिंपला सैल पडावा यासाठी याहून सोयीचं काय असणार? रंगाआधीच्या पायऱ्यांवरची काही संयुगं जंतूंना रोखतात आणि ती अंड्यांच्या कोशांतही सापडतात. कामाचं तिथवरचं. जांभळा हा नंतर राहिलेला डाग.

गोव्यात या कुळाशी संबंध आला तो निराळ्याच वाटेनं. जहाजांच्या तळाला शेवाळ, कालवं, शंखोटी चिकटू नये म्हणून ट्रायब्युटिल टिन या विषाचा रंग देत. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ याच कुळातल्या खडकांवरच्या शंखांत माद्यांना नराचं लिंग उगवलेलं आढळलं. पुढे कारण कळलं, तोच रंग, आणि तोही लिटरमागे एखाद-दुसरा नॅनोग्राम इतक्या सूक्ष्म प्रमाणात. काही माद्यांत ही वाढ अंडी बाहेर पडायची वाट बुजवते, आणि किनारेच्या किनारे ओस पडतात. मुरगाव बंदराच्या परिसरात क्रोनिया कोंकणेन्सिस नावाचा एक शंख असतो. मुंबईच्या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात ओळख पटलेल्या या शंखाला नावच कोकणाचं मिळालेलं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ साली त्याच्यात हीच विकृती नोंदवली. २००१ साली या रंगांविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २००८ साली अमलात आला. ज्या शंखांना खलाशी कस्पटासमान मानत, त्यांच्या अंगावरून बंदराच्या पाण्याची तब्येत ओळखायची सवय या प्रकरणातून लागली.

हे सगळं वाचून झाल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायची माझी पद्धत बदलली. पूर्वी मी अखंड शिंपले वेचायचो, आता भोक पडलेले वेचतो. लहान मुलं दोऱ्यात ओवायला घेतात तेच. भोक उजेडाकडे धरून पाहायचं. भिंती सरळ, नळीसारख्या असतील तर ते काम बहुधा काटेशंखाच्या कुळाचं. वरचं तोंड रुंद आणि खाली निमुळतं, वाटीसारखं उतरतं असेल, तर ते वाळूतल्या गोल, गुळगुळीत चांदशंखाचं. तोही आम्ल आणि जीभ आलटूनपालटून वापरतो, पण त्याची आम्लाची गादी पायात नसून शुंडेच्या टोकाखाली असते. भाट्याच्या वाळूत मला वाटीसारखी भोकं जास्त मिळतात. सरळ भोकाचे शिंपले मिळाले ते खडकांच्या बाजूला, कालवांच्या शकलांवर.

त्यांतलं एक शकल मी शंखाशेजारी ठेवलं आहे. त्यावर दोन खुणा आहेत. एक आरपार, टाचणीचं डोकं अडकेल एवढी. दुसरी तिच्यापासून बोटाच्या पेराएवढी दूर, त्याच मापाची, गोल, कडा स्वच्छ, पण तळ बंद. भरतीची लाट आली असेल, खेकडा आला असेल, किंवा कालवाची चव आवडली नसेल. भिंगातून पाहिलं की त्या अर्धवट खळगीच्या तळाशी बारीक समांतर ओरखडे दिसतात. जिभेच्या शेवटच्या फेरीचे. त्यानंतर आम्लाची गादी परत टेकलीच नाही, नाहीतर ते पुसले गेले असते.